मागची बाजू कोरी ठेव

मी एक कागदाचा ताव बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणावं की नाही, हेही मला नक्की ठाऊक नाही. माझ्या अंगावर इतकी अक्षरं एकावर एक बसली आहेत, की त्यांतला माझा आवाज कोणता हे मलाच सांगता येत नाही. तरी प्रयत्न करतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

जन्म चांगल्या घरातला. विस्कॉन्सिनच्या गिरणीत सुती चिंध्यांच्या लगद्यातून मी निघालो आणि उत्तर मिशिगनमध्ये, सुपीरियर तलावाच्या काठच्या आमच्या गावी, रेइनोच्या छापखान्यात आलो. एका दंतवैद्याचं पत्रशीर्ष माझ्यावर छापायचं होतं. छापलंही. पण उचलताना रेइनोच्या अंगठ्याची शाई कोपऱ्याला लागली, आणि माझे चारशे नव्व्याण्णव भाऊ खोक्यात बसून निघून गेले. मी मागे राहिलो.

छापखान्यात मागे राहिलेल्या कागदाला एकच काम असतं. खरी छपाई सुरू होण्याआधी शाई किती लागते, दाब किती हवा, हे पाहण्यासाठी त्याला पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनच्या जबड्यात घालतात. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शाई जमली की बाजूला टाकतात, पुढच्या कामाला परत उचलतात.

तेव्हापासून माझं शिक्षण चाललं. दंतवैद्यावर आडवा एका शेताचा लिलाव बसला. लिलावावर उलटी एक लग्नपत्रिका, तिच्यावर हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन, मग सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेगड्या विकणाऱ्या दुकानाचं पाकीट. मी सगळं वाचलं, पण पूर्ण काहीच नाही. त्यामुळे मला बरंच माहीत आहे आणि कशाचीच खात्री नाही. त्या लग्नातली वधू कुत्र्याची मालकीण होती का, हा प्रश्न मला अजून पडतो.

रेइनो सत्तरीचा आहे. दुकानात एक ऑफसेट आहे, रंगीत प्रती काढणारं एक यंत्र आहे, पण लग्न आणि मरण यांसाठी तो शिशाचे अक्षरखिळेच जुळवतो. “कागदात अक्षर रुतलं पाहिजे. बोटाला कळलं पाहिजे, की इथे कोणीतरी काहीतरी म्हटलंय,” असं तो म्हणतो.

त्याची थोरली बहीण ऐली दुपारी वेलचीचा पाव घेऊन येते आणि आमच्यासारखे वाया गेलेले ताव घेऊन जाते. त्यांची ती वह्या करते, भेटीच्या चिठ्ठ्या करते, पाकिटांना आतून अस्तर लावते. छापलेली बाजू आत जाईल असा ताव दुमडायचा, दुमड बाहेर, मोकळ्या कडा शिवणीत. वहीत लिहिणाऱ्याला कोरं पान मिळतं आणि पानाच्या पोटात सगळा छापखाना.

तिची अट एकच. “समोरच्या बाजूवर हवा तो गोंधळ घाल. मागची बाजू कोरी ठेव. ती माझी.”

जानेवारीत सैमी लाम्पी दुकानात आली. बुटांवरचं बर्फही तिने झटकलं नव्हतं. तिचा नवरा उरहो दोन दिवसांपूर्वी गेला होता. बत्तीस वर्षं त्याने सरकारी नांगर चालवला, रस्त्यावरचं बर्फ ढकलणारा. अशा माणसाचे आभार कोणी मानत नाही. रस्ता साफ होतो तेव्हा माणसं झोपेत असतात. जागी होतात तेव्हा त्यांना फक्त आपल्या फाटकासमोर त्याने लावलेला कंबरभर ढीग दिसतो.

“पंचवीस कार्डं पुरेत,” ती म्हणाली.

“सैमी, मी शंभर छापतो,” रेइनो म्हणाला.

“कुणाला वाटू? अर्ध्या गावाच्या रस्त्याकडेच्या टपालपेट्या त्याच्या नांगराने पाडल्यात. उरलेल्या अर्ध्यांची फाटकं बुजवलीत. मागच्या आठवड्यात किराण्याच्या दुकानात मला ऐकवलं, तुझ्या नवऱ्याला जेवायला घालायचं बंद कर, म्हणजे उठणार नाही.” ती हसली, पण हसू लगेच विझलं. “मला एवढंच हवंय रेइनो, की हॉल रिकामा दिसू नये. त्याच्यासमोर तरी नको.”

“हॉल?”

“चर्च तापवणारा बॉयलर फुटलाय ना. पास्टर म्हणाले, खाली तलावाकाठी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये करू. शनिवारी दोन वाजता.”

मी काउंटरवरच पडलो होतो. मी हे स्पष्ट ऐकलं. रेइनोनेही ऐकलं, मान हलवली, पेन्सिलीने लिहूनही घेतलं.

आता त्याची एक सवय सांगायला हवी. तिला वाईट सवय म्हणावं का, मला ठरवता येत नाही. गावातली प्रार्थना नेहमी टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्येच होते. म्हणून मृत्यूच्या कार्डाची जुळणी रेइनो कधी मोडतच नाही. भोवतीची किनार, क्रूस, वरच्या ओळी, चर्चचं नाव, सगळं दोऱ्याने आवळून फळीवर ठेवलेलं असतं. कोणी गेलं की नाव, तारीख आणि वेळ एवढेच खिळे बदलायचे.

त्याने नाव बदललं. तारीख बदलली. वेळ बदलली. मशीनला शाई लावली आणि मला उचललं.

ठसा बसला तसा मी हादरलो. उरहो लाम्पी, शनिवार, दुपारी दोन, आणि त्याखाली ‘लुथरन चर्च’. टेकडीवरचं. हॉलपासून नऊ मैल दूर आणि कुलूपबंद.

रेइनोने मला उजेडात धरलं. पाठीवरून बोट फिरवून दाब पाहिला. भिंगातून ‘उ’ची कड पाहिली, तिथे शाई किंचित कमी होती. त्याने सगळं पाहिलं. फक्त वाचलं नाही. छापणारी माणसं छापलेलं वाचत नाहीत, बघतात. मी किती आटापिटा केला असेल! पण कागदाच्या हातात काय असतं? थोडा वाकडा होऊ शकतो, एवढंच. तसा झालो. त्याने मला सरळ केलं आणि बाजूला ठेवलं.

शंभर कार्डं छापून जाळीवर वाळत पडली. दुसऱ्या दिवशी बाराला सैमीची शेजारीण ती न्यायला येणार होती.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी ऐली आली. सैमीसाठी ती एक वही करणार होती, प्रार्थनेला येणाऱ्यांनी नाव-पत्ता लिहायची. आठ ताव निवडताना तिने मला उचललं, चांगला भाग कुठला ते पाहायला उलटंसुलटं केलं आणि थांबली.

“रेइनो, बॉयलर दुरुस्त झाला?”

“कसला बॉयलर?”

“मग उरहोला टेकडीवर कशाला नेतोयस?”

रेइनो आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी वाचलं. मग स्टुलावर बसला.

“कोरं कार्ड संपलं,” तो हळूच म्हणाला. “नवीन मागवलं तर सोमवारी येईल.”

“अरे, गाव केवढंसं! एकमेकांना सांगतील.”

“सांगतील. पण चर्चला कुलूप दिसलं की घरी परतायलाही निमित्त मिळेल. उरहोसाठी नऊ मैल आणखी कोण जाईल? आणि सैमीला वाटेल, त्याचा राग होता म्हणून कोणी आलं नाही. माझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे.”

ऐलीने त्याच्यासमोर कॉफी ठेवली. “रडायचं असेल तर बारानंतर रड. आत्ता सांग, छापलेलं पुसता येत नाही, पण झाकता येतं की नाही?”

त्याने खण उघडला. शिशाची एक जाड पट्टी काढली, बोटाएवढी रुंद. चुकीच्या ओळीवर ती बसेल अशी जुळवली आणि खाली हॉलचं नाव लावलं. पहिला ठसा पुन्हा माझ्यावरच. पट्टी केसभर वर बसली, ‘चर्च’च्या अक्षरांचे पाय उघडे राहिले. दुसऱ्यांदा मी. या वेळी अचूक. या वेळी त्याने बघितलं आणि वाचलं, मोठ्याने, शब्द न् शब्द. मग ऐलीकडून वाचून घेतलं.

बाराला शेजारीण नाही, सैमीच आली. लपवता आलं असतं. तशी नक्षीच आहे म्हणता आलं असतं. मला वाटलं, रेइनो तसंच म्हणेल.

“चूक झाली माझी,” रेइनो म्हणाला. “या काळ्या पट्टीखाली चर्च आहे. बोट फिरवलंस तर लागेल. जुनीच जुळणी वापरली, तुझं ऐकूनसुद्धा.”

सैमीने कार्ड हातात घेतलं. पांढऱ्या कार्डावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ काळी रेघ. तिने तिच्यावरून अंगठा फिरवला.

“हा रस्ता वाटतोय,” ती म्हणाली. “नुकताच साफ केलेला. राहू दे.”

ऐलीने मला दुमडलं, छापलेली बाजू आत. जुळणीच्याच दोऱ्याने आम्हा आठांना शिवलं. पट्टीचा ठसा दोनदा खाल्ल्यामुळे मी फुगलो होतो, म्हणून तिने मला सर्वांत शेवटी घातलं.

शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. दारापाशी टेबलावर वही उघडून ठेवली होती, पहिलं पान वर, पेन बाजूला. पाऊण वाजला. एक वाजला. पास्टर आले, रेइनो आणि ऐली आले, तीन सह्या झाल्या. दीड. मी सात तावांखाली दबून ऐकत होतो. सैमी सारखी खिडकीशी जात होती.

“रस्ताच बंद असेल,” ऐली म्हणाली.

“हो ना,” सैमी म्हणाली. “बंदच असणार. आज कोण आहे उघडायला?”

दोनला दहा मिनिटं असताना जमीन थरथरली. मशीनचा थरथराट मी ओळखतो, हा तो नव्हता. शेजारच्या तालुक्याचे दोन नांगर एकामागे एक तलावरस्त्याने येत होते, वरचे पिवळे दिवे फिरत होते. आणि त्यांच्या मागे, त्यांनीच मोकळ्या केलेल्या वाटेने, गाड्यांची रांग.

मग पानं उलटू लागली. बर्फाने ओल्या बाह्या कागदाला लागत होत्या. दुसरा ताव, तिसरा, पाचवा. आर्विद नावाच्या म्हाताऱ्याने पत्त्यापुढे लिहिलं, ‘तिसरी पेटी लोखंडाची बसवली होती. तीही पाडलीस.’ आणि पेन देताना मागच्याला म्हणाला, “चौथी आता कोण पाडणार?”

माझ्यापर्यंत कोणी पोचेल असं मला वाटलं नव्हतं. सहा जण पोचले. शेवटचे दोघे नांगरवाले, हातमोजे काखेत धरून लिहिणारे.

आता मी सैमीच्या स्वयंपाकघरात फळीवर असतो. कधीकधी ती वही काढते आणि शेवटच्या पानावरून अंगठा फिरवते. आतल्या पट्टीचा उंचवटा लागतो का ते पाहते, असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

तुमच्याकडे कधी छापलेलं कार्ड आलं तर एवढं करा, नुसतं बघू नका, वाचा. आणि त्या शनिवारी तुम्ही निघाला असाल, चुकून टेकडीवर गेला असाल, वाटेत अडकला असाल, तर अजूनही या. माझी दुमडीपलीकडची बाजू कोरी आहे. पेन फळीवरच असतं.