चिमणीला नेलेलं रुखवत

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याची. नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. आमचे हे, रुपराव, धुरातली राख पकडणारं यंत्र सांभाळत. यंत्रातल्या पत्र्यांना राख चिकटायची, ती ठोकून खाली पाडायची, म्हणजे चिमणीतून धूर निवळ निघायचा. पण त्या वर्षी पत्रे राखेनं पार लिंपून गेले होते. अंगणातल्या तुळशीचं पान पुसल्याशिवाय हिरवं दिसत नव्हतं.

शेजारच्या सिंधूताईंच्या प्रेमिलाचं लग्न वैशाखात होतं. रुखवतासाठी आम्ही बायकांनी गहू भिजवले, चीक काढून शिजवला आणि बाजांवर धोतरं अंथरून कुरडया घातल्या. संध्याकाळी बघतो तर सगळ्या करड्या!

"कौशल्या, तुह्या नवऱ्याची राख माह्या पोरीच्या कुरडयांवर काहून वं?" सिंधूताई ओरडल्या.

"ताई, चांगलं बोला! नवरा जिता हाये माहा!"

सगळ्या हसल्या, पण सिंधूताईंचे डोळे भरले होते. वर्ध्याची सासरची माणसं नाकानं कांदे सोलणारी. असं रुखवत मांडलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार. गहूही आता एकाच घाण्यापुरता उरला होता.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "एक दिवस वीज बनवणारा संच बंद ठेवल्याशिवाय पत्रे साफ होत नाहीत. न् साहेब बंद करू देत नाहीत."

तेव्हा प्रेमिलाच म्हणाली, "आई, हे रुखवत ज्यानं नासवलं त्यालेच देऊन टाकू."

झालं! रविवारी सकाळी आम्ही करड्या कुरडया तळल्या, ताटांवर लाल कापड घातलं आणि ताशा वाजवत, ह्यांनाही सोबत ओढून, मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर निघालो. वामनराव साहेब नागपूरच्या सीताबर्डीत वाढलेले. दारी आलेलं रुखवत परत करायचं नसतं, हे त्यांना सांगायला नको होतं. सिंधूताईंनी पदर खोचला आणि खणखणीत म्हटलं,

"ताटात मांडल्या कुरडया, वरून राखेची साय,
चिमणी आमचा जावई, साहेब त्याची माय!"

साहेब खो-खो हसले. एक कुरडई उचलून त्यांनी दातांखाली धरली. करकर असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्यांचं हसू मावळलं.

"रुपराव, हे रोज खाता काय गा तुम्ही?"

"खातो, साहेब. न् श्वासातही घेतो."

"संच बंद केला तर वसाहतीची वीज आधी जाईल. मग पंख्यासाठी ओरडायचं नाही."

"पदरानं वारा घेऊ, साहेब," सिंधूताई म्हणाल्या. "पदरानं राख थोडीच गाळता येते?"

उरलेल्या कुरडया डब्यात भरून साहेब वरिष्ठांना भेटायला नागपुरात गेले. तिथं काय बोलणं झालं कोण जाणे, पण डबा रिकामा आला आणि परवानगी आली.

संच बंद केला त्या दिवशी वसाहत भट्टीसारखी तापली होती. आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन एकमेकींना सुपानं वारा घालत होतो आणि तिकडे केंद्रात पत्रे ठोकण्याचा वऱ्हाड उतरल्यासारखा गोंधळ चालला होता. हे घरी आले ते पायापासून केसापर्यंत राखाडी. आमच्या धाकट्यानं ओळखलंच नाही, भोकाड पसरलं.

यंत्र सुरू झालं आणि आम्ही शेवटच्या गव्हाच्या कुरडया घातल्या. दुपारभर एकीचीही नजर कुरडयांकडे नव्हती, सगळ्या चिमणीकडे बघत होत्या. उन्हं कलल्यावर सिंधूताईंनी धोतरावरून बोट फिरवलं, ते माझ्या गालावर ओढलं आणि म्हणाल्या, "बघ वं, काही लागलं काय?"

काही लागलं नव्हतं. कुरडया मोगऱ्यासारख्या पांढऱ्या होत्या.

वर्ध्याच्या विहीणबाईंनी रुखवत बघून एकच विचारलं, "गहू कुठला वापरला?"

पुढं दरवर्षी कुरडयांच्या आधी पत्रे साफ व्हायला लागले. वामनराव साहेबांची बदली झाली, पण निवृत्तीनंतरही वैशाखात त्यांचा निरोप यायचा, "कुरडया पाठवा, करकर नको." सिंधूताईंनी नातीचंही रुखवत डोळ्यांनी पाहिलं आणि मग गेल्या. प्रेमिला वर्ध्याला सुखात आहे, विहीणबाईंपेक्षा कडक सासू झाली आहे. ह्यांनी निवृत्तीनंतर त्याच राखेच्या विटांनी आमच्या घराची मागची भिंत बांधली. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. भिंत भक्कम आहे.

मी आता शहरात राहते, इथून चिमणी दिसत नाही. तरी कुरडया वाळत घातल्या की आधी वर बघते.