बारा वेळा धुतलेला युनिफॉर्म

श्रियाचा शाळेचा शर्ट मी बारा वेळा धुतला होता, आणि तो अजून एकदाही शाळेत गेला नव्हता.

माझ्या मुलीला ऑटिझम आहे. वय सात. कॉलर टोचली, शिवण घासली की ती कान दाबून जमिनीवर लोळते. लोक तिला हट्टी म्हणतात आणि मला लाडावणारी. दोन शाळांनी गोड बोलून नारळ दिला होता. टिळकवाडीतल्या या तिसऱ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मात्र सांगितलं, आठ दिवस बसवून बघू. पण पूर्ण युनिफॉर्ममध्ये. "एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या आया रांग लावतात, मॅडम." त्या आठ दिवसांवर आमचं सगळं येऊन अडकलं होतं. चौथी शाळा कुठून आणायची?

दुकानातला तयार युनिफॉर्म टेरिकॉटचा. तो हातात घेतल्यावरच मला घाम फुटला. मग त्याच रंगाचं सुती कापड शोधलं आणि परशराम टेलरकडे गेले. कॉलरमध्ये कॅनव्हास नको, मागे लेबल नको, स्कर्टला हूक नको, नुसतं सैल इलॅस्टिक. आणि आतली शिवण दुमडून सपाट करा.

"कॅनव्हास न्हाय म्हंजे कॉलर मान टाकंल की वो आक्का," परशराम म्हणाला. "लोक मलाच हसतील."

"हसणाऱ्यांना माझ्याकडं पाठवा."

एकच जोड शिवून घेतला. मानवला तर दुसरा.

पुढचा महिनाभर घरात तालीम चालली. दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा, वाळवायचा, हातानं चुरगाळायचा. पहिल्या दिवशी श्रियानं दोन मिनिटांत काढून फेकला. मग पाच मिनिटं, मग वरणभात संपेपर्यंत. मेच्या शेवटी ती तो घालून अख्खी दुपार झोपाळ्यावर बसली. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात श्रीनाथला, नवऱ्याला, फोन लावला आणि मला बोलताच येईना. "काय झालं? पडली का?" तो बिचारा घाबरून विचारत राहिला.

सासूबाई या सगळ्यात गप्प होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत शिकवलं. अजूनही त्यांची सुती साडी साबुदाण्याच्या खळीशिवाय घराबाहेर पडत नाही. ती मान टाकलेली कॉलर बघून त्यांचा जीव वरखाली होतो, हे मला दिसत होतं. तेव्हाच बोलून घ्यायला हवं होतं. पण कुठं वाद घालत बसा, म्हणून मी तोंड मिटून राहिले.

शाळा सोमवारी सुरू होणार होती. रविवारी सकाळी बारावं धुणं दोरीवर टाकून मी श्रियाला घेऊन निपाणीला माहेरी गेले. घरी परतले तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कपडे कपाटात ठेवलेत गं." मला बरंच वाटलं. प्रवासानं श्रिया दमली होती, मीही दमले होते. उघडून बघितलं नाही.

सकाळी साडेसातला कपाट उघडलं. शर्ट हँगरवर ताठ. स्कर्टच्या घड्यांना सुरीची धार. बोट लावलं तर कापड कडकड वाजलं.

"आई, हे काय केलंत?"

"खळ घातली. कडक इस्त्री केली. पहिला दिवस आहे तिचा." केवढी हौस होती त्यांच्या चेहऱ्यावर! "आपल्या पोरीला कुणी नावं ठेवायला नकोत."

"तिची शाळा घालवलीत तुम्ही!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

तरी एक बाही चढवून बघितली. श्रिया किंचाळली, स्वतःचंच मनगट चावायला लागली. श्रीनाथनं तिला घट्ट धरून ठेवलं. पुन्हा धुवून वाळवायला वेळ नव्हता. साडेआठला रिक्षा दारात आली. मी तिला घरचा जुना पिवळा फ्रॉक घातला. काय होणार ते दिसतच होतं, तरी निघाले. आई न विचारता चपला घालून रिक्षात येऊन बसल्या. वाटेत मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी फ्रॉक बघितला. "मॅडम, आपलं ठरलं होतं की हो."

मी काही बोलायच्या आत आई पुढं झाल्या.

"चूक माझी आहे. तिच्या आईनं महिनाभर राबून कपडे मऊ केले, मी एका दिवसात त्याचं पत्र्यासारखं करून ठेवलं. मीही शिक्षिका होते, बाई. गणवेश नाही म्हणून कितीतरी पोरं दारातून परत पाठवली. का नाही, हे एकालाही विचारलं नाही. हिला पाठवू नका." आणि त्यांनी हात जोडले. मी त्यांना देवाशिवाय कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं.

बाईंनी श्रियाकडे बघितलं. ती बोटानं फाटकाच्या सळ्या मोजत होती.

"आजचा दिवस," बाई म्हणाल्या. "उद्या युनिफॉर्म पाहिजे."

श्रिया शाळेतल्या मावशींबरोबर आत गेली. मागं वळून बघितलं नाही. मी समोरच्या कठड्यावर बसले, फोन मुठीत. वाजला की समजायचं, घेऊन जा म्हणतात. आत जरा कुठं पोर ओरडलं की मी उठून फाटकाशी जात होते.

आई शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "केतकी, टोचतं म्हणजे तिला नक्की कसं होतं गं? मुंग्या चावल्यासारखं? की भाजल्यासारखं?"

सात वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि कळलं की मला ते माहीत नाही. तिला सांगता येत नाही, आणि मी नुसती धूत राहिले.

"माहीत नाही हो आई," मी म्हटलं आणि भर रस्त्यावर रडायला लागले.