खिडकीकडची खुर्ची

इंग्रजीच्या परीक्षेत वहिनी पहिल्या खेपेला नापास झाली ती फक्त ऐकण्याच्या भागात. वाचणं, लिहिणं, बोलणं निभावलं. कानांनी दगा दिला. नवरा परदेशात एका गोदामात नोकरीला, दोन वर्षं फोनच्या पडद्यावरच दिसणारा. ही परीक्षा पास झाली की तिथल्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिचं काम पक्कं होतं. नाही झाली, तर संसार पडद्यावरच राहणार होता.

नणंदही परदेशी नोकरीसाठी तीच परीक्षा देत होती. वयाने मोठी, बिनलग्नाची; वहिनी ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथेच नर्स. वहिनी तिला ताई म्हणायची. कामावरून आल्या की दोघी जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसत. इअरफोन एकच, एक टोक हिच्या कानात, दुसरं तिच्या. एखादा संवाद ऐकायचा, उत्तरं लिहायची, मग कागदांची अदलाबदल करून तपासायचं.

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली ती खुर्चीवरून. ताईला नेहमी खिडकीकडचीच, उजव्या हाताची खुर्ची लागायची. वहिनी आधी येऊन बसली तर ताई हसत म्हणायची, "सरक गं, मला वारा लागतो." वारा नसलेल्या दिवशीही म्हणायची. आणि इअरफोनचं डावं टोक कायम तिचंच. उजवं वहिनीच्या वाट्याला. शिवाय ताईचे गुण चांगले येत होते, वहिनीचे काही केल्या वर सरकत नव्हते.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. वहिनी गेली तर सासूबाईंचं सगळं ताईच्या गळ्यात पडणार. वहिनी पुन्हा नापास झाली, तर ताई मोकळी.

एकदा संशय शिरला की घरातली सुईसुद्धा सरळ दिसत नाही. शब्द पाठ व्हावेत म्हणून ताईने घरभर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मागे मराठी अर्थ. वहिनी प्रत्येक अर्थ गुपचूप शब्दकोशात पडताळून पाही. एकही चुकलेला सापडला नाही, तेव्हा तर तिला जास्तच धास्ती वाटली. सासूबाईंना मात्र त्या चिठ्ठ्यांचा नाद लागला होता. गुडघा दुखला की त्या ऐटीत सांगत, "आज भारी स्वेलिंग आहे हो."

प्रयोगशाळेत वहिनीला एक गोष्ट हाडीमाशी मुरली होती: काय बिघडलंय ते शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तिने एकटीने इअरफोनची दोन्ही टोकं आळीपाळीने ऐकून पाहिली. दोन्हींचा आवाज सारखाच. मग राहिली खुर्ची. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर येऊन खिडकीकडे बसली, आणि ताईने सरकायला सांगितलं तेव्हा पाठ धरल्याचं कारण देऊन हलली नाही.

ताई क्षणभर उभीच राहिली. मग डावीकडे बसली. इअरफोनची वायर आखूड, त्यामुळे टोक उजव्या कानात घालण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. संवाद सुरू झाला. ताईची मान ताठ, पेन हातात, नजर मात्र सारखी वहिनीच्या कागदाकडे.

कागद बदलले. वहिनीचे गुण नेहमीइतकेच, म्हणजे बेताचेच. ताईचेही तेवढेच. आणि जिथे वहिनी चुकली होती, तिथेच ताईही चुकली होती, अगदी त्याच शब्दांत. दोन नमुन्यांत एकच दोष निघाला तर दोन्ही एकाच बाटलीतले असतात, हे वहिनीला कोणी शिकवायला नको होतं.

"ताई, तुम्ही काहीच ऐकलं नाहीत."

"डोकं दुखतंय माझं."

"डोकं की कान?"

ताई उठून उभी राहिली. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "सांगून टाक गं एकदाचं. लहानपणी कान फुटला तेव्हापासून उजवा गेलाय तिचा. मला दटावून ठेवलंय, वहिनीला कळता कामा नये म्हणून."

ताई खाली बसली. "कळलं असतं तर मला अडवायला तू रुग्णालयात बोलली असतीस," ती हळूच म्हणाली. "मी गेले तर आईचं तुझ्यावर येईल, हे काय मला कळत नाही?"

वहिनीला हसू आलं आणि लाजही वाटली. इतके दिवस आपण संवाद ऐकतच नव्हतो. एक डोळा ताईच्या खुर्चीवर ठेवून कान कसे चालणार होते? ती उठली आणि खिडकीकडची खुर्ची मोकळी केली.

"आधी दोघी पास होऊ. मग आईंवरून काय भांडायचं ते भांडू."

"माझे दोन्ही कान शाबूत आहेत," आतून उत्तर आलं.

परीक्षेच्या दिवशी ताईला कामावरून निघायला उशीर झाला. वहिनी आधी पोहोचली. वर्गात इअरफोन नव्हते; पुढच्या भिंतीवर, डाव्या कोपऱ्यात एकच स्पीकर टांगलेला. जागा कोणीही कुठेही घ्यायची होती. वहिनीने खोली नीट न्याहाळली आणि उजवीकडच्या पुढच्या बाकावर पिशवी ठेवली. तिथून ताईचा डावा कान थेट स्पीकरकडे होणार होता. स्वतः ती मागे बसली.

ताई धापा टाकत आली. तिने पिशवी पाहिली, स्पीकर पाहिला, मग वहिनीला पाहिलं.

"इतकी चांगली जागा तू कशी सोडलीस?"

"तुमच्यासाठी धरलीय. बसा."

ताई बसली. पण बसल्याबसल्या तिने पर्यवेक्षकांना विचारून घेतलंच, स्पीकर नीट चालतो ना, मध्येच बंद तर पडत नाही ना. मग मागे वळून वहिनीकडे आणखी एकदा पाहिलं.

वहिनीची मान खाली होती. खरखर झाली, एका बाईचा आवाज इंग्रजीत सूचना देऊ लागला. पुढच्या बाकावर कोण काय लिहितंय ते वहिनीने या वेळी पाहिलं नाही. ती ऐकत होती.