पानातला चुना

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, चुन्याची निवळी दाखवून मुलांना कॅल्शियम समजावलं, आणि आता म्हातारपणी त्याच कॅल्शियमनं माझं डोकं फिरवलं.

झालं असं. उन्हातून चौलच्या आमच्या सुपारीच्या वाडीत शिरलं की मला काहीच दिसेनासं झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी रातांधळेपणाचा आनुवंशिक आजार सांगितला. हळूहळू दिवसाचीही नजर जाईल म्हणाले. माझी मुलगी अनुया डोळ्यांतल्या उजेड टिपणाऱ्या पेशींवरच संशोधन करते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या डोळ्यांतल्या पेशींत कॅल्शियम जास्त साचतं, त्यानं त्या मरतात."

मला एवढं पुरेसं होतं. मी दूध सोडलं, काट्यांसकट खायची सुकी मासळी सोडली आणि चाळीस वर्षांचा पानातला चुनाही सोडला. बिनचुन्याचं पान म्हणजे नुसता पाला. तेवढ्यात कंबर दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेलो, तर तो म्हणाला कॅल्शियम कमी आहे, गोळ्या घ्या. कमी की जास्त? आणि एकाच माणसात? गोळ्या मी गुपचूप माडाच्या आळ्यात टाकत राहिलो.

गेल्या रविवारी वाडीतल्या पाटाला अडखळून पडलो आणि मनगट मोडलं. अनुया मुंबईहून मांडव्याच्या बोटीनं धावत आली. प्लास्टर बघितलं, कोरडी पडलेली चुन्याची डबी बघितली आणि माझ्याकडून सगळं वदवून घेतलं.

"अहो बाबा, खाल्लेलं कॅल्शियम तिथे जाऊन साचत नाही. त्या पेशींना दारं असतात. अंधारात ती उघडी असतात, कॅल्शियम आत येतं. उजेड पडला की दारं मिटतात, आतलं कमी होतं, मग पेशी पुढचं बघायला तयार होते. तुमची दारं नीट मिटतच नाहीत."

"मग चुना?"

"चुन्याचा काही संबंध नाही."

"आणि दारं मिटायचं औषध?"

ती माझ्या प्लास्टरवरून हात फिरवत राहिली. "अजून नाही. शोधतोय आम्ही."

मला तिचा राग आला. फोनवर अर्धवट सांगितलं म्हणून नव्हे. चुना सोडला होता तोवर रोज सकाळी वाटायचं, मी डोळ्यांसाठी काहीतरी करतोय. आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

तिनं नवा चुना आणला, माझ्यासाठी पान लावलं. सहा महिन्यांनी जीभ चुरचुरली, बरं वाटलं.

"उद्यापासून," मी म्हणालो, "चुना थोडा कमीच लावत जा."