मास्तरांचा उजवा पाय

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की मास्तर तो हलकेच दाबायचे, गाडी थांबायची, आणि मास्तर आवाज न चढवता म्हणायचे, "घाई घरी ठेवून यायची." गावातल्या निम्म्या लोकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं होतं. मग मास्तर निवृत्त झाले. शिकवणीची गाडी गेली, तिच्यासोबत तो जादा ब्रेकही गेला, पण त्यांच्या उजव्या पायाला हे कुणी कळवलंच नाही. कुणाच्याही गाडीत शेजारी बसले की तो आपला रिकामी जमीन दाबत राहायचा.

हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मास्तरांना मान्य नव्हतं.

"मी दाबत नाही," ते म्हणायचे. "मी पाय ठेवतो."

त्यांच्या बायकोला सगळे टाकेकाकू म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले. उसवलेल्या बॅगा, तुटलेल्या चेना, गाद्यांच्या खोळी, मुलांची फाटलेली कापडी खेळणी, काहीही घेऊन या, टाके घालून मिळायचं. खरी मिळकत मात्र पडद्यांची. त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यावी लागत आणि तयार पडदे दांड्यांसकट पोहोचवावे लागत. टॅक्सीवाले दांड्या बघितल्या की काच वर करून निघून जात. जावई नेऊन सोडायचा, पण त्याच्या सवडीने, आणि वाटेत मोबाइलच्या नव्या मॉडेलवर व्याख्यान ऐकावं लागे ते वेगळंच.

तेव्हा काकूंनी ठरवलं, गाडी घ्यायची. स्वतःची, स्वतःच्या कमाईची. आधी परवाना काढला, तोही गुपचूप, मास्तरांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे शिकून. ती आता स्वतः शिकवते आणि शब्द मात्र मास्तरांचेच वापरते. "आरसा, इशारा, वळण!" असं ती म्हणाली की काकूंना हसू यायचं, कारण मास्तर झोपेतसुद्धा हेच बरळत. खुद्द मास्तरांकडे शिकायचा प्रयोग लग्नानंतर लगेच झाला होता. पहिल्याच चौकात काकू गाडीतून उतरून चालत घरी आल्या होत्या, आणि त्यानंतर कुणी त्या विषयाचं नाव काढलं नव्हतं. नवा परवाना समोर ठेवला तेव्हा मास्तरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "फोटो बरा आलाय."

आता दारात एक छोटी, फिकट पिवळी, विजेवर चालणारी गाडी उभी होती. शोरूमवाल्याने ती रविवारपुरती वापरून बघायला दिली होती. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. जेवायला मुलगी आणि जावई आले होते, आणि प्रत्येकाकडे गाडीपेक्षा मोठं मत होतं.

"गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही," मास्तर म्हणाले. "ही गाडी आहे की फ्रीज?"

"बाबा, आता सगळ्या अशाच येणार," जावई म्हणाला. "फक्त आई, हे मॉडेल घेऊ नका. जरा थांबा. पुढचं येतंय, त्यात स्टिअरिंग गरम होतं."

"स्टिअरिंग गरम करून काय करू? इस्त्री?"

"तू कुणाला थांबायला सांगतोयस?" मुलगी नवऱ्याकडे वळली. "मागचा फोन धडधाकट होता, तरी नवा आणलास."

"त्याचा कॅमेरा चांगला आहे."

"हो ना. जेवणाचे फोटो काढतो. जेवण गार होईपर्यंत."

"आणि बैठकीचे पडदे सारखे कोण बदलतं?"

"ते मी आईला काम मिळावं म्हणून."

"माझ्या नावावर खपवू नकोस हं," काकू म्हणाल्या. "तुला मी एकदाही बिल लावलेलं नाही."

मास्तरांनी घसा साफ केला. "खर्चाचं कसं आहे, गाडीसारखंच आहे. पायाखाली ब्रेक हवा."

"तुमच्या पायाखाली तो कायमच असतो की बाबा," जावई म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला. बाहेर जाऊन त्याने आपल्या गाडीतली शेजारच्या सीटखालची मॅट उचलून आणली आणि टेबलावर पसरली. बाकीची मॅट कोरी करकरीत होती. पुढच्या भागात, बरोबर पावलाच्या आकारात, ती झिजून झिरझिरीत झाली होती, मधोमध तर भोकच पडलं होतं.

"अहो जावईबापू, जेवणाच्या टेबलावर चपलांची धूळ!" काकू ओरडल्या.

मास्तरांनी चष्मा लावला, मॅट उचलून उजेडात धरली. भोकातून त्यांना जावई दिसत होता. "हलक्या प्रतीची आहे," ते म्हणाले. "फोन भारीतला घ्यायचा आणि मॅट स्वस्तातली. म्हणून असं होतं."

सगळे हसले. काकूही हसल्या, पण तो झिजलेला पाऊलठसा त्यांच्या मनातून गेला नाही. हसणं ओसरल्यावर मास्तर म्हणाले, "तू घे बाई गाडी. तुझे पैसे आहेत. मी काही तिच्यात बसणार नाही."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"गाडीवर नाही."

"असं का," काकू म्हणाल्या. "मग माझंही ऐकून ठेवा. शेजारची सीट रिकामी ठेवून फिरायला मी गाडी घेत नाहीये. दांड्या काय, आजवर गेल्या तशा जातील. तुम्ही बसणार नसाल तर संध्याकाळी मी ती परत करते."

मुलीने बापाकडे बघितलं. जावयाने, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच, फोन उलटा ठेवला.

"एक फेरी," मास्तर शेवटी म्हणाले. "पुलापलीकडे जाऊन परत. मी परीक्षा गाडीची घेणार. ड्रायव्हरची नाही."

"पाय दाबायचा नाही."

"मी पाय ठेवतो."

मास्तर बूट घालायला गेले तशा काकू पुढच्या खोलीत शिरल्या. कापडी खेळण्यांच्या पोटात एक प्लॅस्टिकची छोटी डबी असते, दाबली की आवाज करते. काकूंच्या बटणांच्या डब्यात अशा सुट्या डब्या पडलेल्या असत. त्या त्यांना नुसतं 'चूं' म्हणत. त्यांनी त्यातला चांगला खणखणीत चूं निवडला, जावयाची झिजलेली मॅट उचलली, भोकाच्या जागी खालून जाड कापडाचं ठिगळ लावलं, मध्ये चूं ठेवला, वरून दुसरं ठिगळ लावलं आणि मशीनने गोल टाके मारले. बाहेर जाऊन पिवळ्या गाडीतली मॅट काढून ही घातली. त्यांना मास्तरांची फजिती करायची नव्हती. शेजारी तो पाय दाबला जाऊ लागला की त्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं पायाकडे जाणार, हे त्या स्वतःला ओळखून होत्या. आज काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे.

मास्तर सीटवर बसले, पट्टा लावला, आरसा कुणाच्या बाजूला वळलाय ते बघितलं. मुलगी आणि जावई फाटकात उभे राहिले. काकूंनी फोनमध्ये पुलापलीकडे जाऊन परत यायचा रस्ता लावून ठेवला होता. गाडी आवाज न करता निघाली.

"सुरू झाली?" मास्तरांनी विचारलं.

"गल्ली संपत आली अहो."

गल्लीच्या तोंडाशी काकूंनी वेग कमी केला.

चूं.

मास्तरांनी कान टवकारले. पुढच्या वळणाला पुन्हा चूं. सिग्नलला चूं, आणि लगेच आणखी एक, जरा लांबट.

"ऐकलंस?" मास्तरांचा चेहरा खुलला. "नवी कोरी गाडी आणि आत्ताच रडायला लागली. ब्रेक लागला की वाजतंय. पॅड गेलेत. शोरूमवाला लबाड आहे."

"ब्रेकचाच आवाज आहे?"

"माझं आयुष्य गेलं यात. डोळे मिटून सांगतो."

"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," फोनमधली बाई म्हणाली.

"नुसतं वळा?" मास्तर तिच्यावर घसरले. "आरशात बघा म्हणाली नाही, इशारा द्या म्हणाली नाही. हिला परवाना कुणी दिला?"

काकूंनी आरशात पाहिलं, इशारा दिला आणि वळल्या. पुढे पुलाचा चढ होता. रस्ता मोकळा होता, ब्रेकला पायही लावायची गरज नव्हती. पुढचा ट्रक बराच लांब होता, त्याचे मागचे दिवे क्षणभर लाल झाले.

चूं.

मास्तरांनी काकूंच्या पायाकडे बघितलं. तो ब्रेकवर नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. तो हळूच उचलला, पुन्हा ठेवला. चूं. आणखी एकदा, खात्री करून घ्यायला. चूं.

"हे तुझं काम."

"टाके ओळखले का?"

"मी पाय ठेवतोय फक्त!"

"हो. फारच आवाज करून ठेवताय."

मास्तर खिडकीबाहेर नदी बघू लागले. काकूंना वाटलं, आता बिनसलं. इतकी वर्षं झाली, पण तो चौक त्यांना अजून आठवत होता, आणि या वेळी गाडीतून उतरून चालत जाणारे मास्तर असतील. पण मास्तरांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आणि ते दिसू नये म्हणून नदी बघत होते.

पूल उतरल्यावर बाजाराचा रस्ता लागला. कडेला सामानाचा टेम्पो उभा होता. काकूंचा पाय आपोआप हलका झाला, गाडी मंदावली, कारण टेम्पोपलीकडचं काही दिसत नव्हतं. आणि पलीकडून एक अख्खी गादीच रस्त्यावर आली. गादीखाली दोन पाय होते. डोक्यावर गादी घेतलेल्या माणसाला समोरचं काही दिसत नव्हतं, तो सरळ रस्ता ओलांडत होता. काकूंनी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. गादी डुलत डुलत समोरून निघून गेली.

आणि मग, सगळं झाल्यावर, चूं.

मागच्याने हॉर्न वाजवला, तरी काकू लगेच हलल्या नाहीत.

"उशीर झाला," मास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"मला." ते पायाकडे असे बघत होते, जसं कुणी पहिल्यांदाच उशिरा आलेल्या जुन्या नोकराकडे बघावं. "शिकवणीच्या गाडीत असतो तरी तुझ्यानंतरच दाबला असता. टेम्पोपाशी वेग का कमी केलास?"

"पलीकडचं दिसत नव्हतं म्हणून."

"हं." ते म्हणाले, "त्या पोरीने बरं शिकवलंय."

"शब्द सगळे तुमचेच होते."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी बूट काढले आणि पाय सैल सोडले. पुलावर जावयाच्या फोनबद्दल बोलले, शोरूमवाल्याला लबाड म्हटलं ते मागे घेतलं, मग पुन्हा थोडं म्हटलं. फोनमधल्या बाईला दोनदा टोकलं. पुढचा सिग्नल लागला. काकू वाट बघत होत्या, पण चूं आला नाही. त्यापुढच्या चौकातही नाही. काकूंना काळजी वाटली, मॅट सरकली की काय. त्यांनी पुढच्या सिग्नलला हळूच मान वळवून बघितलं.

मास्तर झोपले होते. मान सीटवर टेकलेली, तोंड किंचित उघडं. ज्या माणसाने जन्मात कधी दुसऱ्याच्या गाडीत डोळे मिटले नव्हते, जो लांबच्या रात्रीच्या प्रवासातसुद्धा ड्रायव्हरच्या मानेकडे टक लावून जागा राहिला होता, तो भर दुपारी बायकोच्या शेजारी घोरायला लागला होता. उजवा पाय मॅटवर आडवा पडला होता, पाहुण्यासारखा.

घराची गल्ली आली. फाटकात मुलगी आणि जावई उभेच होते. जावई फोन वर धरून तयार होता.

"तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात," फोनमधली बाई म्हणाली.

काकूंनी तिचा आवाज बंद केला. तोंडावर बोट ठेवून लेकीला गप्प राहायची खूण केली आणि गाडी फाटकापुढून सरळ पुढे नेली. आरशात जावई फोन घेऊन रस्त्यात धावत आलेला दिसला. गल्लीच्या टोकाशी मास्तर झोपेत पुटपुटले, "आरसा... इशारा..." काकूंनी आरशात पाहिलं, इशारा दिला, आणि वळल्या.

मोठा वळसा घालून गाडी पुन्हा पुलाच्या रस्त्याला लागली तेव्हा मास्तर जागे झाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं, पट्टा सरळ केला, डोळे चोळले.

"झोप लागली होती," काकू म्हणाल्या.

"छे! डोळे मिटून इंजिन ऐकत होतो."

"कुठलं इंजिन?"

गाडीत खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी खाली वाकून बूट पायात चढवले आणि समोरच्या रस्त्याकडे बोट केलं.

"चल, शोरूमला घे. संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? आणि शोरूमवाल्याची मॅट त्याला परत करायची. आपल्याला हीच राहू दे."

"ही? कशाला?"

"उद्या जावईबापू बसतील ना इथे," मास्तर म्हणाले. "बघू ते पाय दाबतात की ठेवतात."