राजकुमारचा रेंजर

परवा संध्याकाळी सुचितानं रेंजरला खेळातल्या सराईत झोपवलं होतं. खाटेवर, दाराला आतून कडी घालून, उशाशी त्याचा लांडगा. खेळ बंद करण्याआधी तिनं पडद्याचा फोटोही काढून ठेवला, कारण स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा दोन महिन्यांपूर्वीच उडाला होता. काल सणाच्या तयारीत तिनं खेळ उघडलाच नव्हता. आज आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सकाळी संगणक उघडला तर गडी पुन्हा नदीकाठी उभा. पाठ हिच्याकडे, तोंड पलीकडच्या काठाकडे, आणि गुडघ्यापर्यंत ओला.

त्या खेळात पाण्यात शिरलं की कपडे भिजलेले दिसतात आणि खेळ चालू राहिला तर घटकाभरात वाळतात. म्हणजे खेळ शेवटचा बंद झाला तेव्हा हा नुकताच पाण्यातून मागे आला होता. पासवर्ड एकट्या सुचिताला ठाऊक होता आणि तोही तिनं दोनदा बदलला होता.

रेंजर मुळात तिचा नव्हताच. तो राजकुमारचा, तिच्या थोरल्या भावाचा. जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे राजकुमारचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. दिवसभर जळक्या मोटारींत तांब्याची तार भरायची आणि शटर पाडलं की हा ऑनलाइन खेळ, असा त्याचा नेम. चौघांची टोळी होती. राजकुमार, सुचिता, मूळचा इकडच्याच उंद्रीचा पण पुण्यात नोकरीला असलेला सोहम, आणि दुसरबीडची काजल. खेळात सोहम पहिलवान, काजल चोर, सुचिता जादूगारीण. राजकुमारनं मात्र रेंजर घेतला होता, रानात माग काढणारा तिरंदाज. डोंगराच्या पायथ्याशी वाढलेला माणूस दुसरं काय घेणार?

मागल्या आषाढात राजकुमार गेला. नाल्यापलीकडच्या गावात पिठाच्या गिरणीची मोटर जळाली होती, ती आणायला निघाला होता. नाला फुगलेला. दहा माणसं काठावर पाणी उतरायची वाट बघत बिड्या ओढत बसलेली. याला कुठला धीर? दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्यानं काठावरून आईला फोन केला, "पलीकडे पोचलो की सांगतो," आणि गाडी पाण्यात घातली. दुसऱ्या दिवशी सापडला तो अलीकडच्याच काठाला. शकुंतलाबाई, त्याची आई, त्या दिवशी ज्यावर बोलली तो आपला फोन अजून उशाशी ठेवून निजते. चार्जिंग कधी उतरू देत नाही.

दहाव्याला सुचिता हट्टानं नदीवर गेली. बायका जात नाहीत, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. चुलत्यानं पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे होते, पण एकही पुढे येईना. मग नेहमीचं सुरू झालं. चुलता म्हणाला, दुकान बंद पडू देणार नाही. मामा म्हणाला, सुचिताचं लग्न थाटात करून देऊ. कावळे ढिम्म. कोणालाच ठाऊक नव्हतं की त्याचा जीव कशात होता. सुचिता पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, तुह्या रेंजरले मी जसाच्या तसा ठेवीन. कुठी जाऊ देणार नाही."

पापणी लवते न लवते तोच एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. माणसांनी सुस्कारे सोडले, चुलत्यानं डोळे पुसले. सुचिताला तर वाटलं की भावानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वचन तिनं जीव लावून पाळलं. स्वतःची जादूगारीण गुंडाळून ठेवली आणि रेंजर चालवायला घेतला. त्याचं धनुष्य तेच, लांडगा तोच, चिंध्या झालेला हिरवा झगासुद्धा तोच. शाळेत शिकवून आली की ती दुपारी खेळायला बसे आणि शकुंतलाबाई तूर निवडायचं सूप घेऊन शेजारी. आईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला फक्त त्याची चाल बघायची असे. "पाय पाहाय कसा टाकते," ती म्हणायची, "थेट आपला राजू."

अडलं ते फाल्गुनात. खेळात टोळी एका नदीशी येऊन ठेपली. होडी नाही, पूल वर उचललेला, पाण्यात शिरलं की ओढ मागे फेकते. पुलाचा दोर पलीकडच्या काठावर बांधलेला. तो सोडायचा तर कुणीतरी उडत जायला हवं होतं.

"सुचिता, मल्टिक्लास कर ना त्याले," सोहम हेडफोनमधून म्हणाला. "रेंजर त रेंजरच राहीन. वरून ड्रुइडची एक लेव्हल घे फक्त. ड्रुइडले जनावराचं रूप घेता येते. पहिल्या लेव्हलले कावळा होता येते. उडाला, दोर सोडला, खतम."

मल्टिक्लास म्हणजे एका पात्राला दुसरा धंदाही शिकवायचा, वायंडिंगवाल्यानं दुकानात मोबाइल दुरुस्तीची पाटी लावावी तसं. राजकुमारला त्याचा भारी तिटकारा. कुणी विषय काढला की तो म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या." सुचितानं सोहमला ठणकावून सांगितलं, नाही म्हणजे नाही. काजलनं मध्यस्थी केली, दोघं रुसले, पुन्हा बोलू लागले. नदी तिथंच राहिली.

आणि त्याच आठवड्यापासून रेंजर चालायला लागला.

सराईत ठेवला तर काठावर सापडे. डोंगरावरच्या किल्ल्यात ठेवला तरी काठावर. सोहमनं आईची शपथ घेऊन सांगितलं की आपण हात लावलेला नाही. सुचितानं खेळातली नोंद उघडून पाहिली. रोज एक प्रवेश, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी ती शाळेतून घरी निघालेली असे आणि संगणकाचं बटणही बंद असे. पण तिनं स्वतःची समजूत घातली, की दादा पहारा देतो आहे, वचन मोडू नको म्हणून बजावतो आहे. भीती वाटत होती आणि त्या भीतीतही तिला बरं वाटत होतं. माणूस असा वेडा असतो.

आखाजीला मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. राजकुमारची ही पहिलीच आखाजी. आईनं पहाटेपासून पुरण, आमरस, कुरडया, सगळं केलं. नऊ वाजता सुचितानं पान वाढून गच्चीवर ठेवलं. कावळ्यानं घास घेतला की मग घरच्यांनी जेवायचं.

कावळे आले. पाण्याच्या टाकीवर ओळीनं सात जण बसले. पानाकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते, पण उतरत नव्हते आणि ओरडतही नव्हते. दहा वाजले, अकरा वाजले. उन्हानं गच्ची तापली, आमरसावर साय धरली. शेजारच्या कौशल्याबाईंच्या गच्चीवरचं पान याच कावळ्यांनी केव्हाच फस्त केलं होतं.

साडेअकराला मार्तंड गुरुजी घागरीसाठी आले. दहावंही त्यांनीच केलं होतं. सत्तरीचा माणूस, बोलायला फटकळ. वर जाऊन त्यांनी पान पाहिलं, टाकीवरची ओळ पाहिली आणि खाली येऊन ओसरीवर बसले.

"कायचं वचन राह्यलं का बाप्पा कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माह्यं आहे," सुचिता म्हणाली. "पण मी मोडलं नाही, गुरुजी."

"नेमकं काय बोलली होती तू? मले त्या दिवशी आयकू आलं नव्हतं."

तिनं शब्दनशब्द सांगितलं. जसाच्या तसा ठेवीन, कुठी जाऊ देणार नाही. मग रेंजर कोण ते सांगितलं, नदी सांगितली, बारा दहाही सांगितलं. गुरुजींनी पंच्यानं तोंड पुसलं.

"अवं पोरी," ते म्हणाले, "दहाव्याले वचन देतात ते जिवाले मोकळं कराले. तू त दाव्यानं बांधून ठेवलं त्याले."

"मंग कावळा काऊन शिवला?"

"कावळ्याले भूक लागली असंल."

दोन महिने सुचिता ज्याला पहारा समजत होती तो पहारा नव्हता. रोज बारा वाजून दहा मिनिटांनी तो पाण्यात शिरत होता, आणि रोज पाणी त्याला अलीकडे आणून टाकत होतं. तिनं त्याला कुठे जाऊ दिलं नव्हतं. शब्दाला जागली होती ना!

ती उठली, संगणकापाशी जाऊन बसली आणि तिनं खेळ पुन्हा उघडला. बाराला पाच कमी होते. सोहम आणि काजल सुट्टी म्हणून आधीच खेळात आले होते. "मल्टिक्लास करून राह्यली मी," तिनं हेडफोनमध्ये सांगितलं.

"काय करून राह्यली तू?" शकुंतलाबाई दारात उभी होती. ओसरीवरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"सोडून राह्यली, माय. त्याले."

"नको." आईनं तिचा हात धरला. बोटांना पुरणाचा वास होता. "रोज दुपारी लेकरू दिसते मले. माह्याजवळ दुसरं काय आहे? तेवढंबी काऊन घेतं?"

सुचितानं खुर्ची बाजूला घेतली आणि आईला पडद्यासमोर बसवलं.

"त्याचे पाय पाहाय, माय."

शकुंतलाबाईनं चष्मा पुसला. एवढे दिवस ती लांबून, तूर निवडता निवडता बघत होती. आता तिनं जवळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत काळा पडलेला कपडा, त्यातून निथळणारं पाणी.

"ओला आहे का हा?"

"रोज असते."

"दोन महिन्यांपासून?"

सुचितानं मान हलवली.

आईनं पडद्यावरच्या ओल्या पायांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सर्दीचा कोठा त्याचा. लहानपणी पायसुदिक ओला ठेवू देत नव्हती मी त्याले." तिनं डोळ्यांना पदर लावला, काढला आणि सुचिताचा हात सोडला. "कर बाई. जाऊ दे त्याले."

सुचितानं रेंजरचं पान उघडलं. ड्रुइड निवडलं. खेळानं विचारलं, नक्की? हा निर्णय मागे घेता येणार नाही. तिनं हात जोडले आणि दहाव्याला म्हणायला हवं होतं ते मोठ्यानं म्हणाली, "दादा, मी म्हणलं ते वापस घेतलं. तू जाय." मग कळ दाबली.

घड्याळात बारा दहा झाले होते. कावळा व्हायची कळ वेगळी होती, ती तिनं अजून दाबलीच नव्हती. हात मांडीवर होते. रेंजर पाण्यात एक पाऊल पुढे गेला, हिरवा झगा फडफडला, आणि त्याच्या जागी एक कावळा पाण्यावरून निघाला. लांडगा काठापर्यंत धावला आणि थांबला. कावळा धुक्यात शिरला, ठिपका झाला, दिसेनासा झाला. थोड्या वेळानं पलीकडून दोर सुटला आणि पूल धाडकन खाली आला.

"भारी!" सोहम ओरडला. "आता माणूस कर त्याले. सुचिता? कुठी गेला बे हा?"

"मले यादीत नावच नाही दिसून राह्यलं त्याचं," काजल म्हणाली.

सुचितालाही दिसत नव्हतं. चौथ्या नावाची जागा कोरी होती. नोंदही नाही, लेव्हलही नाही. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे खेळणारे एकमेकांना निरोप लिहितात, तिथं एक ओळ उमटली. ओळीच्या आधी कुणाचंही नाव नव्हतं.

पोचलो.

सुचितानं ती आईला वाचून दाखवली. शकुंतलाबाईचा हात आपसूक कमरेच्या फोनकडे गेला आणि तिथंच थांबला. ती पडद्याकडे वाकली, आणि राजकुमार परगावी पोचल्याचा फोन आला की दर वेळी विचारायची तेच तिनं विचारलं.

"बरं झालं, बाबू. जेवला का?"

पडदा तसाच राहिला. पूल, पाणी, काठावर बसलेला लांडगा. आई वाट बघत होती. सुचिताला ते बघवेना, ती उठून जिना चढून गच्चीवर गेली. ऊन मी म्हणत होतं. पाण्याच्या टाकीवर एकही कावळा नव्हता.

पान चाटून पुसून लख्ख झालं होतं.

"जेवला, माय," ती वरूनच ओरडली, आणि तिथं तापल्या गच्चीवर बसून दहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडली.