बेटावरचं वैजूचं घर

आपल्या घराची शेवटची भिंत पाडायला रामरावांनी अंगठा टेकवला, तेव्हा मोबाइलनं विचारलं, 'नक्की मोडायची?' नाही तर काय करणार? बेटावर औषधालाही झाड उरलं नव्हतं. सुरुवातीला बापलेकीनं हौसेनं सगळी तोडून टाकली होती. आता लाकूड हवं तर आपलंच बांधलेलं मोडायचं, म्हणजे निम्मं तरी परत मिळे. मिळालेल्या फळ्या त्यांनी वैजूच्या घराच्या पेटीत भरल्या. पेटी रिकामी पडली की घर ढासळतं, असा त्या खेळाचा कायदा.

रामराव रिसोडच्या बाजारात मापारी. तीस वर्षं लोकांचं सोयाबीन तोललं, मूठभर इकडचं तिकडं केलं नाही. बायको रंगूबाई गेल्यावर बाप नुसता भिंतीकडं बघत बसतो, म्हणून वैजयंतीनं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, हा खेळ फोनमध्ये घालून दिला. दोघांनी शेजारी शेजारी दोन घरं बांधली. मग ती लग्न होऊन पुण्याला गेली. वर्षभर अधूनमधून बेटावर यायची, पुढं तेही थांबलं. रामरावांनी विचारलं नाही. संसारातल्या लेकीला 'खेळायला ये' म्हणायचं तरी कसं? पण कधी आलीच, तर तिला तिचं घर उभं दिसलं पाहिजे, या हट्टापायी ते रोज जात.

आज रविवार, बाजार बंद. दुपारी तिचा फोन आला. खेळ चालूच होता, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काय करून राह्यले बाबा?"

"तुह्यं घर राखून राह्यलो. माह्यं सारं मोडलं. लाकूडच नाई."

"कोनतं घर?"

"बेटावरचं."

"अवो, म्या तं तो गेम कवाचाच काढून टाकला फोनातून!" ती हसली आणि मध्येच थांबली. "एवढे दिवस तुमी एकलेच खेळून राह्यले?"

रामरावांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण लेकीला ते कशाला सांगायचं?

"असू दे," ते म्हणाले. तिकडं बेटावर बर्फ पडायला लागला होता. त्यांचा माणूस उघड्यावर कुडकुडत होता, भुकेची पट्टी लाल झाली होती. "हा आता मरते वाटते. मेला का खाली हातानं पार दुसऱ्या काठावर उठते. मंग तुह्या पेटीत लाकूड कोन टाकीन?"

"मंग माह्या घरात जा ना! चुलीपाशी बसा. रताळे भाजून ठेवले होते म्या, ते खा."

"तसं कसं बाई?"

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. रामराव पुण्याला दोनदा गेले, दोन्ही वेळा घरून भाकरी बांधून. दुसऱ्यांदा तर त्यांनी ती जिन्यात बसून खाल्ली. लग्नाला चार वर्षं झाली होती. वैजूला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही.

"तिथंबी नाई?" वैजूचा आवाज बदलला. "मले लेकरू होईन तवा होईन. नाईबी होनार. तवरोक तुमी माह्या दाराबाहेर मरान का, बाबा?"

जिन्यात बसलो तेव्हा ही दाराआड उभी असेल, हे रामरावांच्या आजच ध्यानात आलं. स्वतःची लाज वाटली.

त्यांनी बेटावरच्या तिच्या घराचं दार उघडलं. आत सगळं वैजूनं ठेवलं तसंच होतं. खेळातलं अन्न नासत नाही, तेवढी एक सोय. त्यांनी रताळं उचललं.

"कायचा आवाज येऊन राह्यला?"

"खाऊन राह्यलो."

पलीकडं ती रडत होती. मग नाक ओढत म्हणाली, "अजून एक घ्या."

त्यांनी घेतलं.

"भरलं का पोट?"

"भरलं वं माय," रामराव म्हणाले. सकाळपासून त्यांनी घरात गॅस पेटवला नव्हता.